केमो संपले, झोप मात्र परत आली नाही

हॉजकिन लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे, उपचार पूर्ण झाले, स्कॅन चांगला आला. घरचे निर्धास्त झाले आणि मी गाठ परत आली की काय म्हणून रात्र-रात्र मान चाचपत पडायला लागलो. वडगावात आमच्या गल्लीतले माग बंद झाले तरी माझा डोळा लागायचा नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सात प्रश्नांचा कागद भरून घेतला. २८ पैकी १५ किंवा जास्त गुण म्हणजे निद्रानाशावर उपचार हवा; माझे १५ च्या वर आले. गोळीऐवजी त्यांनी सीबीटी-आय सुचवलं, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायचा उपचार. जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार हाच, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ सालीच सांगितलंय. दर आठवड्याला समुपदेशकाकडे जाणं जमणार नव्हतं, म्हणून मोबाइलवरचं ॲप घेतलं.

आधी झोपेची डायरी. अंथरुणात नऊ तास, झोप जेमतेम साडेपाच. मग ॲपने वेळ बांधून दिली: रात्री साडेबारा ते सकाळी सहा, बस्स. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के झोपेत जायला लागला की पंधरा मिनिटं वाढवायची. झोप येईना तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. दुपारी आडवं व्हायचं नाही.

खरी अडचण इथेच आली. "आत्ता दुखण्यातून उठलायस, पड की जरा," म्हणत आई दुपारी अंथरूण घालायची. तिच्या मायेला नाही कसं म्हणायचं? शेवटी डॉक्टरच तिच्याशी फोनवर बोलले. त्या रात्रीपासून ती सुपात शेंगा घेऊन माझ्यासमोर बसायला लागली. दोघं शेंगा फोडत साडेबारा वाजवायचो. माझ्या मते ॲपइतकंच हेही औषध होतं.

सुरुवातीचे दिवस फार जड गेले. दिवसा पेंग यायची, म्हणून गाडी चालवणं बंद ठेवलं. फिट्स किंवा बायपोलरचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोप अशी कमी करू नये. हळूहळू मात्र पाठ टेकली की डोळा लागायला लागला.

ॲपमधला काळजीचा धडा उद्याच्या ऑफिसची धास्ती घेणाऱ्यांसाठी लिहिलेला वाटला. आजार उलटण्याची भीती त्यात कुठेच नाही. ती मी डॉक्टरांपुढेच मांडली. नवी गाठ, ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर लगेच कळवायचं, असं त्यांनी लिहून दिलं. अंथरुणात मान चाचपायची नाही, हा नियम माझा मीच घातला. फॉलो-अप जवळ आला की झोप अजून बिघडते. तेव्हा डायरी पुन्हा काढतो आणि वेळ पुन्हा आवळतो.