रेवसची लाँच गाळात, आणि कुरवांची वयं

पौर्णिमेच्या आसपास अलिबागकडच्या रेवसवरून संध्याकाळची लाँच धरू नका, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. आम्ही जानेवारीतल्या एका रविवारी कुरव, म्हणजे सीगल, बघायला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला गेलो. डॉकयार्ड रोडला उतरून टॅक्सी केली ही पहिली चूक, मीटर न टाकता दीडशे घेतले, एवढ्याशा अंतराला! सरळ चालत जा. जातानाचा प्रवास झकास झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

परतीची साडेचारची लाँच रेवसच्या धक्क्यापासून जरा पुढे गेली आणि गाळात टेकली ती टेकलीच. खलाशी म्हणतो, "दादा, तिथीची पाऊणपट करून यायचं ना." म्हणजे पौर्णिमा पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा, ती भरतीची वेळ, तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. तिकीट देताना कोणाच्या तोंडातून हे निघत नाही. दीड तास बसलो, बाटलीतलं पाणी संपलं, पोरं रडतायत, वर डिझेलचा वास.

पण खरं सांगायचं तर कुरव नीट दिसले ते तिथेच, दहा फुटांवर चिखलात बसलेले. मला एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं की तपकिरी डोक्याचा तो मोठा, पांढऱ्या डोक्याचं ते पिल्लू. साफ थाप! हिवाळ्यात मोठ्यांचंही डोकं पांढरंच असतं, कानाजवळ नुसता काळपट ठिपका. तपकिरी टोपी चढते ती लडाख-तिबेटकडे परत निघायच्या सुमारास. त्याच्या नादाने मी सकाळी वहीत अख्ख्या थव्यापुढे 'पिल्लू' लिहून मोकळा झालेलो.

डोकं सोडा, शेपूट बघा. टोकाला काळी पट्टी असेल आणि पंखावर तपकिरी डाग असतील तर तो पहिल्या हिवाळ्यातला. मोठ्याची शेपटी पांढरीशुभ्र, पाठ-पंख स्वच्छ राखाडी, आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, ते पिल्लाला नसतात. जवळून डोळाही बघा, मोठ्याचा फिकट, म्हणून जरा रागीट वाटतो, पिल्लाचा काळाभोर. हे तपकिरी टोपीवाले दुसऱ्या हिवाळ्यात मोठ्यासारखे दिसायला लागतात, पण ते थोराड जातींचे कुरव असतात ना, त्यांना चार वर्षं लागतात, पहिल्या वर्षी सगळं अंग तपकिरी आणि चोच काळी, मग राखाडी हळूहळू पाठीवरून सुरू होतं. त्यांच्या मधल्या वर्षांच्या भानगडीत पहिल्याच ट्रिपला पडू नका, डोकं उठतं.

आणि लाँचमागे येणाऱ्यांना वेफर्स टाकू नका. एक तर ते त्यांचं खाणं नाही, आणि त्या झुंबडीत शेपूट कोणाची दिसते?

सव्वासहाला लाँच हलली. धक्क्यावर उतरलो तर समोर तोच टॅक्सीवाला, आता दोनशे म्हणाला. चालत गेलो.