नॉर्डश्लाइफेवर ब्रेक तापतात तेव्हा

जर्मनीत आयफेलच्या डोंगरातला न्युर्बुर्गरिंग हा रेसट्रॅक १९२७ साली सुरू झाला. त्यातली नॉर्डश्लाइफे ही २०.८ किमीची फेरी. ठरावीक दिवशी पैसे भरून कुणालाही आपली गाडी तिथे घालता येते. जर्मनीत नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींत तिथे जाण्याचे बेत कायम शिजतात, पण बोलणं टायर आणि हॉर्सपॉवरपाशीच थांबतं. मित्राची साधी पेट्रोल हॅचबॅक घेऊन आम्ही दोघं जाऊन आलो. माझं मत पक्कं झालंय: पहिला खर्च ब्रेकवर करा.

हिशेब सोपा आहे. माणसांसकट १४०० किलोची गाडी ताशी १८० वरून ८० वर आणायची तर साधारण १४ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन चाकांच्या ब्रेक डिस्कवर आणि प्रत्येक डिस्क सात किलोची धरली, तर एकदा ब्रेक मारताच त्या दीडशे अंशांनी तापतात. निवायला सवड न मिळता पुढचं वळण आलं की त्यावर आणखी भर.

ही सवड फेरीच्या कुठल्या टप्प्यांत मिळत नाही ते आधीच माहीत हवं. श्वेडेनक्रॉइत्सच्या वेगातून आरेमबेर्गला जोरात ब्रेक, मग फुक्सरोरेचा खोल उतार, लगेच आडेनाउअर फोर्स्ट, आणि पुढे वेअरझायफेनवरून ब्राइडशाइडपर्यंत पुन्हा उतारच. पहिली फेरी आम्ही सावकाश मारली. दुसरीत वेग वाढवला आणि वेअरझायफेनला जळका वास आला. पेडल घट्ट होतं, पण पाय कितीही दाबला तरी गाडी हवी तशी थांबेना. म्हणजे डिस्कला घासणारे ब्रेक पॅड तापले होते. मित्राने गिअर खाली घेतला, उजवा इंडिकेटर देऊन मागच्यांना वाट दिली. ब्राइडशाइडनंतर होहे आख्टपर्यंत बहुतेक चढ आहे. तिथे ब्रेकला जवळपास हात न लावता वारा खाऊ दिला, आणि पकड परत आली.

पेडल मऊ पडून खोल जाऊ लागलं तर मात्र प्रकरण गंभीर. ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते. अशा वेळी पेडल भराभर दोन-तीनदा मारून दाब धरायचा, इंजिनचा ब्रेक वापरायचा, आणि त्या दिवशी पुन्हा आत जायचं नाही. आंबेनळी घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरण्याची सवय असलेल्यांचा हात अशा वेळी आपोआप गिअरकडे जातो.

ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, ओल शोषल्यावर किमान १५५. म्हणून जाण्याआधी ऑइल बदलून सगळ्या चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. त्यानंतर चांगले पॅड, तेही आधी रस्त्यावर वापरून डिस्कशी जुळवून घेतलेले. जाडी निम्म्याखाली आलेले पॅड नकोच, त्यांतून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोचते. पॅड डिस्कवर दाबणारे मोठे कॅलिपर, भोकांच्या डिस्क वगैरे नंतर बघता येतील.

चालवताना ब्रेक बराच वेळ हलका घासत ठेवू नका. सरळ रेषेत, ठाम, थोडा वेळ, आणि सोडून द्या. आणि विम्याची अटही आधी नीट वाचा. लोखंडी कठड्याची भरपाई धडकणाऱ्याकडूनच घेतात.

एका फेरीनंतर बाहेर पडलात की लगेच पार्क करू नका. शेजारच्या बी २५८ रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, सपाट जागी गिअरमध्ये ठेवा; तापलेल्या डिस्कला पॅड एकाच जागी चिकटून राहिले तर नंतर स्टिअरिंग थरथरतं. परतीला ऑटोबानवर चढण्याआधी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी तिथेच ठेवा आणि टो बोलवा.