लष्कर नव्हे, पोलीस

मोम्बासातल्या एका हॉटेलची बाग मी सांभाळतो. मोठा पाऊस सरत आला होता. सकाळी पोचतो तर आमचे जुने माळी (त्यांना सगळे 'म्झे', म्हणजे वडीलधारे, म्हणतात) पार्किंगच्या भिंतीपाशी हातवारे करत उभे. "विवावीजेशी!"

स्वाहिलीत विवावी म्हणजे अळ्या, जेशी म्हणजे सैन्य. थेट आपली लष्करी अळी! 2017 मध्ये अमेरिकन लष्करी अळी केनियात येऊन मक्यावर पडली, तेव्हापासून हा शब्द कानावर पडला की माणूस आधी पंप शोधतो. मॅनेजरचाही हुकूम आलाच: संध्याकाळी लग्नाची पार्टी आहे, चारच्या आत फवारा.

भिंतीवर मधुमालती. पानं दुमडलेली, कडा रेशमाने टाचलेल्या. तिथेच माझी शंका बळावली. लष्करी अळी असलं शिवणकाम करत बसत नाही, आणि तिला मका-गवत सोडून या वेलीवर काय काम? एक घडी नखाने उकलली. आत जाडजूड अळी, अंगभर पिवळट आणि काळपट जांभळे आडवे पट्टे, डोकं शेंदरी, त्यावर काळे ठिपके. शेजारच्या घडीत कोष, पिठात घोळल्यासारखा पांढरा.

सीलिएडीस फॉरेस्टन. आफ्रिकेतलं स्किपर फुलपाखरू. सह्याद्रीत बेहड्यावर वाढणारं ब्राऊन ऑल याच्याच उपकुळातलं, म्हणून ओळख पटायला वेळ लागला नाही. मधुमालती आशियातली, पण इथल्या रानातली कोम्ब्रेटमची झाडं तिची सख्खी चुलत भावंडं. ती खाणाऱ्या अळीला ही वेल परकी कशाला वाटेल?

गेल्या वर्षी याच भिंतीवर मी स्वतः, घडी न उघडता, फवारा मारला होता. ते मॅनेजरला सांगितलं नाही.

"पाहुण्यांच्या ताटात पडल्या तर?" हा त्याचा प्रश्न मात्र रास्त होता. मग जेवणाच्या बाजूच्या घड्या पानांसकट कापून बादलीत भरल्या आणि मागच्या भिंतीवरच्या वेलीत नेऊन अडकवल्या. दोघांना दुपार गेली.

तिथेच एका पानाखाली पंख मिटून बसलेलं फुलपाखरू दिसलं. तपकिरी, पतंगासारखं धष्टपुष्ट, मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली, मागच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा. म्झेंनी बोट पुढे केलं तसं ते गोफणीतल्या दगडासारखं सुटलं.

"म्झे, हे लष्कर नव्हे. इंग्रजीत याला पट्टेवाला पोलीस म्हणतात."

म्झेंनी कुरतडलेल्या वेलीकडे पाहिलं. "पोलीस? मग खाणारच."

स्वाहिलीतही 'खाणं' दोन्ही अर्थांनी चालतं.