गॅस संपत नाही, गळतो

वाशीला खाडीजवळ राहतो आम्ही, आणि बेडरूममधला दीड टनचा स्प्लिट एसी २०१२ चा. गेली तीन वर्षं दर मार्चमध्ये मेकॅनिक यायचा, "गॅस कमी झालाय मॅडम" म्हणायचा, तीनेक हजार घेऊन भरून जायचा आणि मे संपत नाही तोवर परत तेच, वारा येतोय पण गारवा नाही. मला खरंच वाटायचं की गाडीतलं पेट्रोल संपतं तसा हा पण वर्षभरात संपत असेल. अजिबात नाही! गॅस बंद नळ्यांमधून नुसता फिरत राहतो, खर्च होतच नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

यंदा मी अडूनच बसले, आधी लीक दाखवा. नवीन पोरगा आला होता, फार मन लावून काम करणारा. त्याने आउटडोअरच्या, म्हणजे बाहेरच्या युनिटच्या, कॉईलवर (गॅसच्या वळणदार नळ्यांवर) साबणाचं पाणी लावलं, मोबाईलचा टॉर्च मारला, तर एक नाही तीन ठिकाणी बारीक बुडबुडे हळूहळू फुगत होते. कॉईलच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना बोट लावलं तर पांढरी पूड हातात आली. खाऱ्या हवेने पार खाल्लेलं. "ताई, ही जागा जोडून देतो, पण शेजारून फुटेल." या मॉडेलची नवी कॉईल मिळेना, त्यात गॅस आर-२२, जो ओझोनचा थर खराब करतो म्हणून माँट्रियल करारानुसार बंद होत चाललाय, आणि हल्लीचा आर-३२ जुन्या मशीनमध्ये भरता येत नाही, त्याचं प्रेशर खूप जास्त असतं आणि तो थोडा ज्वलनशील पण आहे.

त्याच रात्री मीटर बघितला. दहा ते सहा, १२ युनिट! कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, एकदाही थांबला नव्हता, म्हणजे खोली सेट केलेल्या तापमानाला कधी पोचलीच नाही. तुमचा एसी इन्व्हर्टर नसेल (त्यात कॉम्प्रेसर थांबण्याऐवजी हळू चालतो) तर एक रात्र कान देऊन ऐका, तो मधूनमधून "टक" करून थांबत नसेल आणि फिल्टर स्वच्छ असूनही असंच होत असेल तर बहुतेक काहीतरी बिघडलंय.

पण म्हणून जुना झाला की लगेच काढायचा असं नाही हं. आउटडोअरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसर चालू होत नाही, असं असलं तर बऱ्याचदा नुसता कॅपॅसिटर (कॉम्प्रेसरला चालू व्हायला मदत करणारा छोटा भाग) गेलेला असतो, काही शे रुपयांचं काम. आमच्याकडे तो दोनदा बदलला, दोन्ही वेळा एसी मस्त चालला. कॉईल सडलेली, गॅस आर-२२ आणि दरवर्षी भरावा लागतोय, हे तिन्ही एकत्र आलं की मात्र पैसे घालू नका.

नवीन इन्व्हर्टर एसी घेतलाय, त्याच खोलीत तेवढ्याच तासांना ५-६ युनिट, २५ वर ठेवून. घेताना स्टारबरोबर लेबलवरचं वर्ष पण बघा, निकष मधेमधे कडक होतात, त्यामुळे जुने पाच स्टार म्हणजे आजचे पाच नाहीत. जुना काढताना राहिलेला गॅस हवेत सोडू दिला नाही, आउटडोअरची कॉईलच गळत होती, म्हणून त्या पोराने तो वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. आणि आता महिन्यातून एकदा, मेन स्विच बंद करून, आउटडोअरची कॉईल साध्या पाण्याने हलक्या हाताने धुते, मीठ बसायला नको.