पौलाच्या हातातली तलवार

आपण देव ओळखतो ते बहुतेक आयुधांवरून. चक्र-गदा दिसली की विष्णू, खंडा दिसला की खंडोबा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) म्युझियममधला सायन कोप बघताना माझी नजर पण आधी हातांकडेच गेली, कोणी काय धरलंय ते बघायला.

कोप म्हणजे चर्चच्या मिरवणुकीत धर्मगुरू खांद्यावरून घेतात तो अर्धगोल झगा. हा इंग्लंडमध्ये १३१० ते १३२० च्या सुमाराला भरलेला, खालचं लिननचं कापड कुठे दिसतच नाही इतकं सगळं रेशीम आणि जरीने भरून काढलंय.

झग्यावर येशूचे प्रेषित भरलेत. पेत्राच्या हातात किल्ल्या, स्वर्गाच्या, ते लगेच कळतं. पण पौलाकडे तलवार आहे आणि ती त्याने चालवलेली नाहीये, त्याचा शिरच्छेद झाला ती ही तलवार. बर्थलमयाकडे सुरी, कारण परंपरा सांगते की त्याला जिवंत सोललं. अंद्रियाकडे त्याचाच क्रूस. आपल्याकडे देवाने दैत्य ज्याने मारला ते आयुध हातात असतं, इथे ज्याने जीव घेतला तेच मानाने धरलंय, आणि मला हे फार म्हणजे फार भिडलं. एकटा मायकल देवदूत तेवढा खाली ड्रॅगनला मारतोय.

थोमा मात्र वेगळा. तो येशूच्या कुशीतल्या जखमेत बोट घालून खात्री करून घेतोय, जखम भाल्याची. हाच थोमा पुढे भारतात आला आणि चेन्नईजवळ भाल्यानेच मारला गेला असं परंपरेत मानतात, त्यामुळे मी त्या चौकटीपुढे जरा जास्तच रेंगाळले.

आता टाका सांगते, कारण खरी कमाल तिथे आहे. जरीची तार कापडावर नुसती ठेवायची, खालून लिननचा धागा वर आणायचा, जरीवरून घेऊन त्याच भोकातून परत खाली न्यायचा आणि ओढायचा, की जरीचा बारीकसा फास मागच्या बाजूला जातो. वरून टाका दिसत नाही, आणि प्रत्येक फासाशी तार वाकू शकते म्हणून एवढी जरी भरूनही कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होत नाही, अंगावर नीट पडतं. मिरवणुकीत चालायचं तर ते हवंच ना!

झग्याचं नाव ज्यावरून पडलं त्या इंग्लंडमधल्या सायन मठाच्या नन्सनी देश सोडला, १५९४ ला लिस्बनला पोचल्या, तेव्हा हा झगा त्यांच्याबरोबर होता असं सांगतात. कुणी लंडनला जाणार असाल तर नक्की बघा, आणि आधी बर्थलमयाची सुरी शोधा.