कवड्या धीवर आणि मधली हवा : भिगवणच्या हंगामाची नोंद

या हंगामात एकच गोष्ट मनाशी धरली होती: पिसं दिसली पाहिजेत. पक्षी ओळखू येतोय, रंग चांगले आहेत, मागचं पाणी स्वच्छ आहे, असे फोटो टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, हातात आली की मिळायला लागतात. मला त्यापुढे जायचं होतं. १०० टक्क्यांवर, म्हणजे स्क्रीनवर पूर्ण मोठा करून, फोटो उघडला की छातीवरचं पीस सुटं दिसावं आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका असावा. साहित्य तेच ठेवलं, सिग्माची १५०-६०० मिलिमीटर कंटेम्पररी झूम लेन्स आणि क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा. जागाही तीच, उजनीच्या बॅकवॉटरवरचं भिगवण.

सुरुवात केली ती मऊ, म्हणजे धार नसलेले, येणाऱ्या फोटोंचं कारण शोधण्यापासून. लांबच्या रोहितांचे (फ्लेमिंगो), पट्टकदंबांचे (हंसासारखे पाणपक्षी) फोटो ओळीनं उघडून बसले. फोकस चुकला असेल तर पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी नक्की धारदार असतं. पाण्यावरची लाट, गवताचं पातं, काहीतरी. या फोटोंत कुठेच काही धारदार नव्हतं. शिवाय एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून ठेवून सलग घेतलेल्या) लागोपाठच्या फ्रेममध्ये पाय कधी सरळ, कधी नागमोडी, मानेची कड कधी दुहेरी. हे काम हवेचं. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक पडला की वेगवेगळ्या घनतेचे थर तयार होतात आणि त्यातून येणारा प्रकाश सतत थोडा थोडा वाकतो. ६०० मिलिमीटरची लेन्स पक्षी जवळ आणते तशी ही थरथरही मोठी करून दाखवते. त्यावर शटरचा वेग वाढवून उपयोग नाही, महागडी लेन्स घेऊनही नाही. मधली हवा कमी करणं एवढाच उपाय.

म्हणून लांबचे थवे सोडले आणि नावेजवळ येणारा पक्षी धरला, खंड्याच्या कुळातला कवड्या धीवर. अंगावर काळ्या-पांढऱ्याचा कवडीसारखा ठिपकेदार खेळ, नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच आणि तोही मधे तुटलेला. हा पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, खाली मासा हेरतो आणि सरळ सूर मारतो. त्या थांबण्यात आपल्याला वेळ मिळतो.

तो थांबतो तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून थांबतो. हे माहीत होतं, पण त्याचा नीट उपयोग करायला नाववाल्या मामांनी शिकवलं. मी लेन्स उचलून उजेडाचा हिशेब करत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "ताई, वारं आपल्या पाठीला घ्या. मग त्यो आपल्याकडंच तोंड करून हुबा ऱ्हातोय बगा." त्यांनी बांबूनं नाव रेटून फिरवली आणि धीवर खरोखर समोर तोंड करून तरंगू लागला. तेव्हापासून निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघते. सकाळी वारा पूर्वेकडून असेल तर सोनं, कारण ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतात. वारा पश्चिमेचा असेल तर उडत्या पक्ष्यांचा नाद सोडून बसलेल्यांकडे वळते.

आता डोळ्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त मेहनत तिथे गेली. कवड्याचा डोळा काळाभोर आणि तो असतोही काळ्या पट्ट्यातच. ऊन वर चढलं की डोळा त्या पट्ट्यात पार बुडतो. फोटो कितीही धारदार असो, पक्षी आंधळा दिसतो. सूर्य खाली असताना आणि पक्ष्यानं मान जराशी उजेडाकडे वळवली तरच बुबुळावर ठिपका उमटतो. त्यामुळे मी सूर्योदयापासून पहिल्या दीड-दोन तासांतच काम करते. सुदैवानं हवाही तेव्हाच बरी असते. नावेत मी खाली, फळीवर बसते. लेन्स जितकी पाण्याला टेकेल तितकं मागचं पाणी दूर जातं आणि पक्षी उठून दिसतो.

सेटिंग्ज थोडक्यात. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो). थांबलेल्या धीवरासाठी शटरचा वेग १/३२०० सेकंद. पंखांची टोकं थोडी विरघळलेली आवडत असतील तर १/१२५०, मला ती आवडतात. गडद पाण्यावर पांढरी छाती जळू नये म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली, आकाशावर असेल तर तेवढंच वर. लेन्सचं थरथर आवरणारं स्टॅबिलायझेशन या वेगाला बंद. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा मोठा तितकं ते लहान) मात्र आता एफ ८. दहा मीटरवर ६.३ ला जेमतेम सात सेंटिमीटर खोली धारदार मिळते, ८ ला नऊच्या आसपास. समोर तोंड करून थांबलेल्या पक्ष्याची लांब चोच आणि डोळा, दोन्ही त्या दोन सेंटिमीटरमुळे हातात येतात. आयएसओ ३२०० झाला तरी चालेल. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) आलेला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, आजची सॉफ्टवेअर नीट काढतात, हललेलं पीस कुणी परत आणून देत नाही.

आणखी एक. गाडीतल्या हीटरच्या उबेतून लेन्स एकदम थंड हवेत काढली की हुडच्या आतच गरम हवेची खळबळ होते आणि फोटो मऊ येतात. मी आता पोचल्याबरोबर लेन्स बाहेर काढते आणि चहा होईपर्यंत तशीच ठेवते.

फरक दिसतोय. परवाच्या एका मादीच्या फ्रेममध्ये तुटक्या पट्ट्याच्या कडेची पिसं एकेक मोजता येतात, चोचीवर अडकलेला पाण्याचा थेंबसुद्धा स्वच्छ आहे. क्रॉपही फारसा करावा लागला नाही.

रोहितांचा थवा उडवून फोटो घ्यायचा आग्रह काही जण नाववाल्यांना करतात. कृपा करून करू नका. ते पक्षी तिथे खायला उतरलेले असतात, आपल्यासाठी उडालेल्या प्रत्येक वेळी त्यांचं खाणं मोडतं. उन्हाळ्याकडे पाणी उतरून उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात, तिकडे तर नाव न्यायला सांगूच नये. जवळीक पक्ष्यानं दिली तर घ्यायची.

राहिला आहे तो सूर. पाण्यात शिरतानाचा क्षण अजून माझ्या हाती लागलेला नाही, कारण खाली झेपावताना ऑटोफोकस त्याला सोडून पाण्याला पकडतो. पुढच्या फेरीत धीवर थांबला की त्याच्या खालच्या पाण्यावर आधीच फोकस लावून ठेवणार आहे, झूम ४०० मिलिमीटरवर आणून, फ्रेममध्ये खाली मोकळी जागा सोडून.