त्याच जागी तिसऱ्यांदा उगवलेला तांबडा डाग

पोहण्याच्या पूलच्या स्पामधल्या, म्हणजे गरम पाण्याच्या काँक्रीट कुंडातल्या, बाकाखालचा करंगळीएवढा तांबडा डाग. ॲसिडने घासला, गेला, पंधरा दिवसांत परत. वरचं प्लास्टर खरवडून पांढऱ्या सिमेंटने बुजवला, तरी परत. ज्यांना काम दिलं होतं ते दोन्ही वेळा म्हणाले, "पाण्यात लोह आहे." पाण्यातलं लोह नेमक्या एकाच बिंदूवर बसत नाही, पसरून बसतं. एकाच जागी, मधोमध खवल्यासारखी गाठ धरून डाग उगवत असेल, तर आतली सळई किंवा बांधणीच्या तारेचं टोक गंजतंय असं धरून चाला.

व्हिटॅमिन सीची गोळी डागावर घासली की तो उजळतो, पण त्यावरून एवढंच कळतं की डाग लोखंडाचा आहे. लोखंड कुठलं ते ठरवायला हातोडी लागते. पाणी उपसल्यावर डागाभोवती हलके टोले द्या. पोकळ आवाज जिथपर्यंत येतो तिथपर्यंत पेन्सिलने रेघ मारा. माझा डाग करंगळीएवढा, रेघ ताटाएवढी.

पाणी उपसण्याआधी भूजल किती वर आहे ते बघा. रिकामा पूल होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो. तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व (खालच्या भूजलाचा दाब सोडणारी झडप) असेल तर तो मोकळा असल्याची खात्री करा.

आता फोडणं, आणि सगळं घोडं इथेच पेंड खातं. आधी ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावून रेघेच्या बाहेरून चौकोन कापा, 10 ते 12 मिमी खोल. सळई कापली जाणार नाही इतपतच. कडा उभ्या हव्यात. कड पातळ होत संपली की भरलेला दुरुस्तीचा मसाला तिथूनच सुटतो. मग छिन्नी. नुसत्या तारेचं टोक निघालं तर काम सोपं, 25 मिमी आत जाऊन तोडा आणि बुजवा. सळई निघाली तर तिची दर्शनी बाजू चकचकीत करून थांबायचं नाही. माझ्याकडे नेमकं हेच होत होतं. समोरून सळई चांदीसारखी, मागे बोट घातलं तर बोटाला ओली तांबडी भुकटी. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे मागचा थर फुगत राहतो आणि वरची भरणी ढकलून देतो. सळईमागे 20 ते 25 मिमी मोकळी जागा करा, ब्रश सगळीकडून फिरला पाहिजे. लांबीच्या दिशेने स्वच्छ लोखंड लागलं की आणखी 50 मिमी पुढे जा. जाडी चौथ्या हिश्श्याहून जास्त खाल्ली गेली असेल तर जोडसळई (शेजारी जोडायची नवी सळई) लागते, आणि ते स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारून करा.

एवढं करूनही भरणीच्या शेजारी, वीतभर अंतरावर, नवा डाग येऊ शकतो. गंजणारा तुकडा शेजारच्या सळईला एक प्रकारे वाचवत असतो. तो नव्या मसाल्यात सुरक्षित झाला की क्लोराईड (गंज वाढवणारे क्षार) मुरलेल्या जुन्या काँक्रीटमधली शेजारची सळई गंजायला लागते. मिठाच्या क्लोरिनेटरचा (मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचा) पूल असेल तर ही शक्यता जास्त. उपाय म्हणजे भरणीच्या कडेला सळईला जस्ताचा ॲनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः गंजणारा तुकडा, बांधणं. मल्टिमीटरने जोड तपासा, त्याचा विद्युतरोध 1 ओहमच्या आत हवा. ॲनोड बांधला तर तिथे इपॉक्सी मसाला वापरू नका, विद्युतमार्गच बंद होतो. ॲनोड नसेल तिथे सळईला झिंक प्रायमर किंवा सिमेंटचं गंजरोधक कोटिंग द्या.

भरण्याआधी धूळ झटका, काँक्रीट रात्रभर ओलं ठेवा, भरताना मात्र वर पाणी साचलेलं नको. पॉलिमर असलेला दुरुस्तीचा मसाला पिशवीवर दिलेल्या जाडीच्या थरांत, सळईमागे दाबून भरा. लवकर आवळावा म्हणून कॅल्शियम क्लोराईड घालायचा मोह होतो. घालू नका, तो सळईलाच खातो. काही मिनिटांत आवळणारं हायड्रॉलिक सिमेंट छोट्या भोकांपुरतं ठीक, तेही एका वेळी मूठभरच कालवा. वरच्या प्लास्टरला 10 ते 12 मिमी जागा सोडा. मसाल्यावर ओलं गोणपाट आणि प्लास्टिक, सात दिवस. इथे माझा धीर सुटत होता, कारण बाहेरून तिसऱ्या दिवशीच सगळं झाल्यासारखं दिसतं.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: ग्राइंडर उचलण्याआधी पंप, दिवे, हीटर यांची वीज मेन स्विचवरून बंद करा. पूल बांधताना सळया अर्थिंगला जोडलेल्या असतात. गंजका तुकडा काढल्यावर तो जोड तुटला नाही ना, हे पाणी भरण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

नव्या पांढऱ्या प्लास्टरचा ठिगळ वेगळा दिसणारच. पाणी भरल्यावर पीएच 7.2 ते 7.6 आणि अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) 80 ते 120 पीपीएम ठेवा. स्पाचं पाणी गरम, त्यामुळे पीएच खाली गेला तर प्लास्टर तिथेच लवकर झिजतं.

आणि सळई घासलेल्या तारेच्या ब्रशचे तुटलेले केस प्लास्टरवर राहू देऊ नका. चुंबक फिरवून उचला. माझे राहिले होते. आठवडाभरात स्पाच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे अकरा तांबडे ठिपके. ते मात्र व्हिटॅमिन सीच्या गोळीने गेले आणि परत आले नाहीत.